संशोधनाला तारे देताना

पत्रात काम एका वाक्यात सांगितलं होतं: विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागाने गेल्या काही वर्षांत केलेलं संशोधन वाचून त्याचा दर्जा ठरवायचा. समितीत सगळी विभागाबाहेरची माणसं. अध्यक्ष संख्याशास्त्राचे प्राध्यापक, एक सर समाजशास्त्राचे, एक मॅडम बरीच वर्षं शाळेत शिकवून मग संशोधनाकडे वळलेल्या, आणि मी. माझं स्वतःचं काम वाचन शिकवण्याबद्दलचं, त्यामुळे विषय ओळखीचा होता. परीक्षक म्हणून निबंध तपासण्याचीही सवय होती. पण सुटा निबंध तपासणं वेगळं आणि एका विभागाचं सगळं काम ओळीने वाचणं वेगळं. ओळीने वाचलं की विभागाच्या सवयी दिसू लागतात.

विभागाने दोन गोष्टी पाठवल्या. एक म्हणजे निबंध, पुस्तकांतली प्रकरणं आणि अहवाल. दुसरी म्हणजे एक तक्ता: प्रत्येक कामासमोर नियतकालिकाचं नाव, त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर, इतरांच्या लेखांत आजवर मिळालेले संदर्भ आणि शेवटच्या रकान्यात या सगळ्यातून काढलेला एक आकडा. त्या आकड्यानुसार यादी उतरत्या क्रमाने लावलेली. समाजशास्त्राचे सर हसून म्हणाले, "हे असताना आपल्याला कशाला बोलावलं?"

अध्यक्षांनी तक्ता वरखाली पाहिला आणि मिटून ठेवला. "शेवटी उघडू," म्हणाले. इम्पॅक्ट फॅक्टर ही नियतकालिकाची सरासरी आहे. मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा सरासरी किती संदर्भ मिळाले, एवढंच ती सांगते. मूठभर गाजलेल्या लेखांमुळे ती फुगते आणि त्यांच्या शेजारी छापलेल्या बाकीच्यांना आयती मिळते. युजीन गारफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९६०च्या दशकात हे माप तयार केलं, ते आपल्या संदर्भसूचीत कोणती नियतकालिकं घ्यायची हे ठरवायला. माणसं आणि विभाग जोखायला ते पुढे वापरलं जाऊ लागलं. संशोधनाच्या मूल्यमापनाबद्दल २०१३मध्ये जाहीर झालेल्या सॅन फ्रान्सिस्को घोषणापत्राने तसं करू नका असं स्पष्ट म्हटलं. आकडे वापरून संशोधन कसं जोखावं हे सांगणाऱ्या २०१५च्या लायडन जाहीरनाम्यातलं पहिलंच तत्त्व असं की आकड्यांनी तज्ज्ञांच्या परीक्षणाला आधार द्यावा. त्याच जाहीरनाम्याचं तिसरं तत्त्व आमच्या कामाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं होतं: स्थानिक उपयोगाच्या संशोधनातला चांगुलपणा जपा. शिक्षणातलं बरंच काम ज्या भाषेतल्या शाळांबद्दल असतं त्याच भाषेत लिहिलं जातं, आणि मोठ्या डेटाबेसमध्ये ते बहुधा सापडतच नाही. तक्त्यात अशा कामांसमोर सरळ शून्य होतं.

निकष आम्ही ब्रिटनच्या पद्धतीवरून घेतले. तिथे १९८६पासून काही वर्षांच्या अंतराने सगळ्या विद्यापीठांच्या संशोधनाचं मूल्यमापन होतं आणि सरकारी निधी त्यावर ठरतो. २०२१च्या फेरीत ३४ विषयगट होते, त्यांत शिक्षणशास्त्र २३वं. एकूण निकालात प्रकाशित कामाला ६० टक्के, समाजावरच्या प्रभावाला २५ आणि विभागातल्या संशोधनाच्या वातावरणाला १५ टक्के वजन होतं. प्रकाशित काम तीन कसोट्यांवर तपासलं जातं: नावीन्य, महत्त्व आणि काटेकोरपणा. त्यावरून शून्य ते चार तारे. शिक्षणशास्त्राच्या उपसमितीने नियतकालिकांची प्रतवारी पाहिली नाही की संदर्भ मोजले नाहीत, काम वाचलं. ऑस्ट्रेलियाने २०१०च्या फेरीत नियतकालिकांना ए-स्टारपासून सीपर्यंत श्रेणी लावून पाहिल्या होत्या. पुढच्याच वर्षी त्या मागे घ्याव्या लागल्या, कारण ठरावीक नियतकालिकांतच छापून आणा असा दबाव प्राध्यापकांवर येऊ लागला.

वाटणी करून वाचायला बसण्याआधी आम्ही सगळ्यांनी तेच तीन निबंध वाचले, एकमेकांना न विचारता तारे दिले आणि मग बैठकीला आलो. ही पायरी अध्यक्षांनी आग्रहाने घेतली आणि संपूर्ण कामातली सर्वांत उपयोगी तीच ठरली. एका निबंधाला अध्यक्षांनी एक तारा दिला होता, मी दोन, बाकी दोघांनी तीन. वाद झाला, पण ताऱ्यांवर फारसा नाही. प्रत्येकाच्या मनात काटेकोरपणाचं चित्र वेगळं होतं. अध्यक्षांना नमुना कसा निवडला ते आधी हवं होतं. समाजशास्त्राच्या सरांना संशोधक त्या वर्गात कोण म्हणून बसला होता ते हवं होतं. मी मापन पाहत होते: जे मोजलं असं म्हटलंय तेच मोजलंय का.

मॅडम बराच वेळ ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मला एक सांगा. या अभ्यासाचं उत्तर उलटं येऊ शकलं असतं का?"

कुणी लगेच काही बोललं नाही. मग अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, मी तीस वर्षं परिकल्पना-चाचणी शिकवतोय, पण हे असं कधी विचारलं नाही." पुढे प्रत्येक निबंधाच्या टिपणात आम्ही हा प्रश्न पहिला लिहिला. तीन निकष तसेच राहिले. पण हा प्रश्न आधी विचारला की निकषांवर बोलणं सोपं जायचं.

सगळ्यांत मोठा ढीग प्रायोगिक अभ्यासांचा होता. शिक्षणशास्त्राच्या वर्तुळात वावरलेल्यांना ही शीर्षकं तोंडपाठ असतील: अमुक इयत्तेच्या विद्यार्थ्यांच्या तमुक विषयातील संपादनावर ज्ञानरचनावादी अध्यापनाच्या परिणामकारकतेचा अभ्यास. पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, नव्या पद्धतीने शिकलेला प्रायोगिक गट, नेहमीच्या पद्धतीने शिकलेला नियंत्रित गट, टी-मूल्य ०.०१ स्तरावर सार्थक, सबब शून्य परिकल्पनेचा, म्हणजे दोन गटांत फरकच नाही या गृहीतकाचा, त्याग. मग शिफारसी: शिक्षकांनी ही पद्धत वापरावी, अभ्यासक्रमात तिचा समावेश व्हावा, शासनाने प्रशिक्षण द्यावं. सांगाडा इतका ठरलेला की इयत्ता आणि विषय बदलला तरी बाकीची वाक्यं तशीच चालावीत. काही ठिकाणी ती तशीच होतीही.

यांतल्या बहुतेकांत दोन तुकड्या होत्या, एकेकीत ३०च्या आसपास मुलं. म्हणजे एकूण ६०, आणि टी-मूल्य प्रत्येक मुलाला स्वतंत्र धरून काढलेलं. पण एका वर्गातली मुलं एकमेकांपासून तितकी स्वतंत्र नसतात; त्यांचा शिक्षक एक, तास एक, गोंगाटही एकच. समजा, गुणांतल्या एकूण फरकाचा पाचवा हिस्सा वर्गावर्गांमधल्या फरकातून येतो. मग ३०च्या तुकडीसाठी सुधारणेचा गुणक १ + २९ × ०.२, म्हणजे ६.८ होतो. ६० ला ६.८ ने भागलं की पुरते नऊही येत नाहीत. ६० मुलांच्या अभ्यासात नऊ मुलांइतकीही माहिती नाही, आणि हा हिशेबसुद्धा उदारपणाचा. पद्धतीगणिक एकच तुकडी असेल तर परिणाम पद्धतीचा की त्या शिक्षकाचा, हे वेगळं काढणारं सूत्र अस्तित्वात नाही. अध्यक्षांनी हे गणित बैठकीत कागदावर मांडून दाखवलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "आणि बहुतेकदा नव्या पद्धतीने शिकवणारा शिक्षक म्हणजे खुद्द संशोधकच."

तिथेच खरी गोम होती. शिकवणारा तोच, प्रश्नपत्रिका काढणारा तोच, उत्तरं तपासणारा तोच. एका निबंधात परिणामाचा आकार १.४ आला होता, म्हणजे प्रायोगिक गट जवळपास दीड प्रमाण विचलनाने पुढे (प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीपासून साधारण किती पसरलेत त्याचं माप). तक्त्यात तो निबंध वरच्या पाचांत होता. मी परिशिष्टातली चाचणी उघडून पाहिली. निम्म्याहून जास्त प्रश्न फक्त प्रायोगिक गटाला करून दिलेल्या कृतींवर होते. नियंत्रित गटाने ते सोडवले नाहीत, कारण त्या कृती त्यांनी पाहिल्याच नव्हत्या. हे उत्तर उलटं यायला वावच नव्हता.

हे एका विभागापुरतं नाही. चउंग आणि स्लाव्हिन यांनी २०१६मध्ये दाखवलं की संशोधकाने स्वतः बनवलेल्या चाचण्यांवर मिळणारा परिणाम स्वतंत्र चाचण्यांच्या तुलनेत साधारण दुप्पट निघतो. छोट्या नमुन्यांच्या अभ्यासांचंही तसंच. उलट, लॉर्टी-फोर्ग आणि इंग्लिस यांनी २०१९मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेतल्या दोन संस्थांनी करवून घेतलेल्या १४१ मोठ्या यादृच्छिक चाचण्या, म्हणजे कोण कोणत्या गटात ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेले प्रयोग, एकत्र पाहिल्या, तर सरासरी परिणाम ०.०६ होता. क्राफ्ट यांनी २०२०मध्ये म्हटलं की शिक्षणातल्या अशा चाचण्यांत ०.२० म्हणजेच मोठा परिणाम समजावा. हे सगळं डोक्यात असलेल्या माणसासमोर १.४ आला तर तो अभिनंदनाच्या आधी परिशिष्ट उघडतो.

तक्त्याच्या तळाशी एक अहवाल होता, कुठल्याही नियतकालिकात न छापलेला. वाचनाच्या एका कार्यक्रमाची चाचणी. ३८ शाळा, कोणत्या शाळेत कार्यक्रम द्यायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं, विश्लेषणाचा आराखडा निकाल हाती येण्याआधीच जाहीर केलेला, चाचणी दुसऱ्याच गटाने घेतलेली आणि तपासणाऱ्यांना कोणती शाळा कोणत्या गटातली ते माहीत नसलेलं. निष्कर्ष: फरक जवळपास नाही. लेखकांनी तो झाकला नव्हता. कार्यक्रम प्रत्यक्षात किती शाळांत ठरल्याप्रमाणे राबवला गेला याचं एक प्रकरण होतं, आणि माझ्या मते विभागाच्या साऱ्या कामातलं ते सर्वांत वाचनीय लिखाण. शिक्षक कोणती पायरी गाळतात, का गाळतात, कोणत्या आठवड्यानंतर साहित्य कपाटात जातं. आम्ही चौघांनी त्याला स्वतंत्रपणे चार तारे दिले. असं पुन्हा कुठल्याच कामाच्या बाबतीत झालं नाही. अहवालाच्या लेखिकेने सोबतच्या टिपणात लिहिलं होतं की दोन नियतकालिकांनी 'सार्थक निष्कर्ष नाही' म्हणून तो परत पाठवला.

गुणात्मक संशोधनाकडे वळलो तेव्हा अध्यक्ष थोडे बिचकले, आणि त्यांनी ते लपवलं नाही. वर्षभर तीन शिक्षकांच्या वर्गात बसून लिहिलेला एक निबंध होता, चुकीच्या उत्तरांना शिक्षक कसा प्रतिसाद देतात यावर. "तीन शिक्षक म्हणजे नमुना किती?" त्यांनी विचारलं.

समाजशास्त्राचे सर म्हणाले, "सर, ते जगातल्या शिक्षकांची टक्केवारी सांगतच नाहीयेत. एक यंत्रणा कशी चालते ते दाखवतायत. त्यासाठी तीन पुरतात की नाही ते वाचून सांगा."

लिंकन आणि गुबा यांनी १९८५मध्ये अशा संशोधनासाठी वेगळ्या कसोट्या मांडल्या: विश्वासार्हता, स्थलांतरक्षमता (निष्कर्ष दुसरीकडे लागू पडणं), भरवशाचेपणा, पुष्टीयोग्यता. विभागाच्या प्रत्येक गुणात्मक निबंधात या चार कसोट्यांचा एक परिच्छेद होता, आणि गंमत म्हणजे दर्जाशी त्या परिच्छेदाचा काडीचा संबंध नव्हता. ४० मुलाखती घेतलेल्या एका निबंधात तो सर्वांत लांब होता. मुलाखतींचं संकेतन, म्हणजे उत्तरांच्या तुकड्यांना विषयवार खुणा लावणं, सॉफ्टवेअरने केलं, ते दोघांनी पडताळलं, त्यातून पाच आशयसूत्रं निघाली. मी मुलाखतीची प्रश्नावली उघडली. तिच्यात पाच विभाग होते आणि पाचही आशयसूत्रं म्हणजे त्या विभागांचेच मथळे. ४० माणसं बोलली आणि संशोधकाला आधी माहीत नसलेलं एकही सूत्र हाती लागलं नाही. इथेही मॅडमचाच प्रश्न.

तीन शिक्षकांच्या निबंधात मात्र पहिल्या अर्ध्या भागात मांडलेलं म्हणणं तिसऱ्या शिक्षिकेच्या वर्गात मोडून पडत होतं. लेखकाने ते तसंच ठेवलं होतं, त्यावर पानं खर्च केली होती आणि आपलं म्हणणं बदललं होतं. अध्यक्षांनी तो रात्री पुन्हा वाचला आणि दुसऱ्या दिवशी एकाचे तीन केले. समाजशास्त्राचे सर चारवर अडून राहिले. शेवटी तीनच नोंदले.

कृतिसंशोधनावर आमचं एकमत झालं नाही, आणि ते व्हावं असं मला आजही वाटत नाही. शिक्षक स्वतःच्या वर्गातला प्रश्न घेतो, काहीतरी बदलतो, काय होतं ते पाहतो. काटेकोरपणाची कसोटी लावली की यातलं बरंच गळतं. अध्यक्षांना ते संशोधनाच्या यादीत नकोच होतं. वेगळा गट करा, म्हणाले. मॅडमचं म्हणणं की शिक्षकांनी घडवलेलं ज्ञान आपण वेगळ्या पंगतीत बसवलं तर पुढच्या फेरीत विभाग ते पाठवणारच नाही, आणि मग करणारही नाही. फर्लाँग आणि ओआन्सिया यांनी २००५मध्ये उपयोजित आणि व्यवहारातल्या शैक्षणिक संशोधनासाठी निकषांची एक रुंद चौकट सुचवली होती. तिच्यात ज्ञानाच्या कसोटीबरोबर व्यवहारातली उपयुक्तता आणि माणसांची क्षमता वाढवणं हेही मोजलं जातं. आम्ही तिच्या आधाराने 'महत्त्व' या कसोटीच्या रकान्यात जागा करून घेतली. काटेकोरपणाचा रकाना मात्र अध्यक्षांनी सैल होऊ दिला नाही. परिणामी बहुतेक कृतिसंशोधनं दोनवर थांबली. मला हा तोडगा पसंत नव्हता, पण दुसरा सुचलाही नाही.

नावीन्याच्या कसोटीचा त्रास वेगळ्याच ठिकाणी झाला. एका निबंधात दुसऱ्या कुणाचा गाजलेला प्रयोग तंतोतंत पुन्हा करून पाहिला होता. मेकल आणि प्लकर यांनी २०१४मध्ये शिक्षणातल्या १०० अग्रगण्य नियतकालिकांचा सगळा इतिहास चाळला होता: १,६४,५८९ लेखांपैकी पुनरावृत्तीचे अभ्यास २२१, म्हणजे ०.१३ टक्के. जे काम जवळपास कुणीच करत नाही ते नवीन नाही असं म्हणून तारा कापायचा? समाजशास्त्राचे सर म्हणाले, कापू नये. मी म्हणाले, कापू नये आणि का कापला नाही ते अहवालात लिहावं. ते लिहिलं.

एकाच माहितीसंचाचे चार निबंध करून पाठवणं, मार्गदर्शकाचं नाव प्रत्येक विद्यार्थ्याच्या निबंधावर असणं, वाचलेले नसावेत असे संदर्भ देणं, हे सगळं जसं कुठेही असतं तसं इथेही होतं. त्यावर वेळ घालवला नाही.

प्रभावाची प्रकरणं, म्हणजे संशोधनामुळे बाहेर काय बदललं याचे विभागाने लिहिलेले दाखले, वाचायला मजा आली. विभागाने एका प्रकरणात अभिमानाने लिहिलं होतं की आमच्या संशोधनावर आधारित प्रशिक्षण ४,००० शिक्षकांना दिलं. प्रभावात दोन गोष्टी पाहतात, किती दूर पोहोचला आणि किती खोल गेला. ४,००० ही पहिल्याची बाजू झाली. प्रशिक्षणानंतर वर्गात काय बदललं याचा पुरावा म्हणून प्रशिक्षणाच्या शेवटच्या तासाला भरून घेतलेले अभिप्राय जोडले होते. ९० टक्क्यांहून जास्त शिक्षकांना प्रशिक्षण 'अत्यंत उपयुक्त' वाटलेलं. त्या वेळी सगळ्यांना घरी जायचं असतं. दुसऱ्या प्रकरणात फक्त एवढं होतं की पाठ्यपुस्तकातल्या अपूर्णांकांच्या धड्याचा क्रम संशोधनामुळे बदलला, आधीचं पान आणि नंतरचं पान शेजारी शेजारी, सोबत पुस्तक समितीचं निबंधाचा उल्लेख करणारं पत्र. दुसऱ्याला आम्ही वरचा दर्जा दिला.

शेवटी तक्ता उघडला. वरच्या पाच कामांपैकी दोन आमच्याही वरच्या गटात होती, त्यामुळे तक्ता अगदीच फोल होता असं म्हणता येणार नाही. पण आम्ही चार तारे दिलेल्या कामांपैकी बाकीची सगळी त्याच्या खालच्या अर्ध्यात सापडली.

निकाल देताना अध्यक्षांची एक अट होती: विभागाला एकत्रित चित्र द्यायचं, किती टक्के काम किती ताऱ्यांचं एवढंच. ब्रिटनमध्येही प्रत्येक कामाचे गुण जाहीर करत नाहीत. चार माणसांनी विभागाबद्दल दिलेलं मत व्यक्तीवर चिकटवलं तर ते पेलत नाही, असं त्यांनी विभागप्रमुखांना समजावून सांगितलं. विभागप्रमुखांनी मान डोलावली. कामांवरची टिपणं मात्र आम्ही लेखकांना दिली, तारे न लिहिता.

पुढच्या सत्रात विभागातल्या एका तरुण प्राध्यापिकेने मला पदोन्नतीच्या अर्जाचा नवा नमुना दाखवला. त्यात एक रकाना वाढला होता: बाह्य मूल्यमापनात मिळालेले तारे. ती त्या शून्य फरकाच्या अहवालाची सहलेखिका होती. काय लिहू, असं तिने विचारलं. मी अध्यक्षांना फोन लावला. त्यांनी विभागप्रमुखांना पत्र लिहून तो रकाना काढायला सांगितलं. उत्तर आलं की नमुना छापून झाला आहे, पुढच्या वर्षी विचार करू.